ज्येष्ठा, कनिष्ठा आणि दोन दिवसांची रजा

‘गणपतीची सुट्टी तर बुधवारीच झाली ना? मग सोमवार-मंगळवार कशासाठी?’

आमच्या टीम लीडचा हा प्रश्न अगदी साधा होता. तो बसतो बंगळुरूला, स्वभावानं चांगला आहे, आणि कॅलेंडरवर लाल रंगात नसलेल्या दिवसाला सण कसं म्हणायचं हे त्याला खरंच कळत नाही. मी टाइप केलं, ‘महालक्ष्म्या आहेत.’ त्यानं विचारलं, ‘म्हणजे दिवाळी?’ समोरच्या डेस्कवरची पुणेकर मैत्रीण मदतीला धावली, ‘अरे, गौरी म्हणतेय ती!’

तर मंडळी, पुण्यात ज्या गौरी, त्या आमच्या परभणीत महालक्ष्म्या. गणपती आमच्याकडेही बसतो, पण मराठवाड्यातल्या कित्येक घरांचा वर्षाचा खरा सण म्हणजे या तीन दिवसांचा. दिवाळीला नाही आलात तर आई रुसते. महालक्ष्म्यांना नाही आलात तर अख्खी गल्ली विचारते, ‘काय झालं हो, पोरगी नाही आली?’ म्हणून भाद्रपदात पुण्याहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवायचं असतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही!

रजेची खरी भानगड आहे तारखेची. २०२३ मध्ये महालक्ष्म्या गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आल्या, २०२४ मध्ये चौथ्या आणि २०२५ मध्ये पाचव्या. एचआरला वाटतं, ही मुलगी सोयीनं दिवस बदलते. पण बदलतो तो चंद्र. गणपती बसतो तिथीवर, महालक्ष्म्या बसतात नक्षत्रावर. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे चतुर्थी दर वर्षी अकरा-एक दिवस अलीकडे सरकते, आणि त्या दिवशी चंद्र अनुराधेपासून जरा जास्त लांब असतो. मग तिथवर पोचायला त्याला एखादा दिवस जादा लागतो. अधिक महिना आला की हिशेब पुन्हा मागे फिरतो. तीन दिवस, तीन नक्षत्रं हा नियम ‘निर्णयसिंधु’ या ग्रंथातही आहे. कमलाकरभट्टांनी तो १६१२ साली काशीत पूर्ण केला, आणि या भट्टांचं घराणं मूळचं आमच्याच गोदाकाठच्या पैठणचं. म्हणजे माझ्या रजेच्या अर्जाला चारशे वर्षांचं सपोर्टिंग डॉक्युमेंट आहे. अटॅच करायचं तेवढं राहिलं.

माझं सासर मूळचं रत्नागिरीचं. तिथे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, पूजा करायची, झालं. कुठे तेरड्याच्या रोपांची गौर असते, काही घरांत गौरीला चक्क सामिष नैवेद्यही असतो. आमच्याकडे मात्र सगळा लवाजमा. दोन उभ्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पत्र्याच्या कोठ्यांमध्ये गहू-ज्वारी भरायची, त्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे. समोर त्यांची बाळं, धान्याच्या राशी, डोक्यावर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. पूजेच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, आणि पुरणाच्या सोळा दिव्यांची आरती. या दोघी माहेरवाशिणी. तीन दिवस माहेरी येतात, जेवतात, मिरवतात आणि जातात.

गंमत बघा. पुराणात ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण, समुद्रमंथनातून आधी बाहेर आलेली, पण तिलाच अलक्ष्मी ठरवून बाजूला सारलेलं. एके काळी तिची स्वतंत्र पूजा व्हायची. कांचीपुरमच्या आठव्या शतकातल्या कैलासनाथ मंदिरात तिची मूर्ती आजही आहे. पुढे तिची देवळं मागे पडली. आमच्या घरी मात्र दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतात, एकीलाच मान असं काही नाही. लहानपणी मी आणि ताई भांडायचो, की ज्येष्ठा कोण आणि कनिष्ठा कोण. उत्तर उघड होतं, तरी भांडायचो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण असं. जानेवारी २०२४ मध्ये बाबा गेले. त्या वर्षी सण नव्हता, मुखवटे लाकडी पेटीतच राहिले. २०२५ च्या आषाढात छत्रपती संभाजीनगरहून काकांचा आईला फोन आला. ‘वहिनी, पोरी आपापल्या घरी. तुमचे गुडघे असे. आता महालक्ष्म्या आमच्याकडे येऊ द्या. आमच्याकडे मुलगा आहे, सून आहे, परंपरा चालू राहील.’

काका वाईट नाहीत हं. बाबांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात तेच बसले होते. शेताच्या सातबाऱ्यावर आईबरोबर आम्हा दोघींची नावं लावताना तलाठ्याकडेही तेच आले. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ मध्ये तो कायदा देशभर झाला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं उरलीसुरली शंकाही मिटवली. काकांनी हे सगळं हसत मान्य केलं. पण पेटीतल्या दोन वीतभर मुखवट्यांचा विषय निघाला, तेव्हा ते अगदी सहज म्हणाले, ‘ते वंशाकडेच राहतं ना.’

जमीन मिळाली, देव नाही. मला राग आला, आणि मग रागाचीच लाज वाटली. कारण खरं सांगायचं तर गेल्या पाच वर्षांत मी आयती पूजेच्या दिवशी पोचत होते, फोटो काढत होते आणि रात्रीच्या गाडीनं परतत होते. सोळा भाज्यांपैकी मला सात ओळखता येतात. परंपरा माझी म्हणायचा हक्क मला होता, पण तिच्यासाठी मी केलं काय होतं?

ताईला हैदराबादला फोन लावला. ती म्हणाली, ‘आधी चार दिवस जाऊन करून तर बघू.’ सासूबाईंना भीत भीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘गौर माहेरी येते, तशी तूही जा. खडे मी बघते.’ आणि तो रजेचा अर्ज गेला.

वसमत रोडवरच्या घरी पोचलो तर आईनं पेटी उघडून ठेवली होती, पण मुखवट्यांना हात लावला नव्हता. कोठ्या आम्ही भरल्या. साडी नेसवताना चार वेळा सोडली. गांधी पार्कातल्या भाजीवालीनं आमची यादी हातात घेऊन दोन भाज्या वाढवल्या, एक कापली आणि म्हणाली, ‘आईनं पाठवलं का? मग बरोबर देते.’ रविवारी, ३१ ऑगस्टला आवाहन. उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं काढली. बाहेरच्यांनी महालक्ष्म्या आत घेऊन यायच्या, आतल्यांनी विचारायचं, त्या कशाच्या पावलांनी आल्या. ताईनं ज्येष्ठा उचलली. कनिष्ठा मी उचलायची होती.

आई भिंतीशी उभी होती. दर वर्षी तीच आणायची. ‘मी नाही लावत हात. तुम्ही सवाष्णी आणा,’ ती हळूच म्हणाली. काकू गप्प. काका दाराबाहेर चपलांकडे बघत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, सरकारनं त्यावर परिपत्रकही काढलं. पण परिपत्रक काही आमच्या उंबऱ्यापर्यंत चालत येणार नव्हतं. मी मुखवटा आईच्या हातात दिला. म्हटलं, ‘मला नीट धरता येत नाही, पडेल.’ तिनं तो चटकन धरला, इतक्या वर्षांच्या सवयीनं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तशीच चालत आत गेली. आतून विचारायचं कोण? काकूच विचारायला लागल्या. आवाज जरा कापरा होता, पण मोठा होता.

जेवणं झाल्यावर काकांनी गुरुजींसमोर विषय काढलाच. गुरुजी सुपारी कातरत म्हणाले, ‘पोथीत नक्षत्र बघायला सांगितलंय. मुलगा-मुलगी हा घराचा रिवाज आहे, तो घरानं ठरवावा. आणि भाऊ वेगळे झाले की दुसऱ्या घरी नवे मुखवटे करतातच की.’ आई म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही नवे करा. पहिली साडी माझ्याकडून. हे इथंच राहू द्या, मी आहे तोवर.’ मग आमच्याकडे वळून, ‘आणि मी नसले की तुम्ही दोघी. पण नुसत्या फोटो काढायला यायचं नाही. कळलं का?’

कळलं. काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आंबील चांगली झाली होती.’ आमच्या घरात याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा होतो.

मंगळवारी मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं. मुखवटे पुसून पेटीत ठेवताना आईनं सोळा भाज्यांची यादी मला तोंडपाठ करायला लावली. मी मात्र ती मोबाइलमध्ये टाइप केली.

एक सांगू? तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल. मुखवट्यांची, टाकांची किंवा नुसत्या आजीच्या वहीची. ती पुढे कोणाकडे जाणार, हे आई-बाबा असतानाच विचारून ठेवा. आणि विचारायच्या आधी एकदा तरी चार दिवसांची रजा टाका. टीम लीड नक्षत्रं समजून घेतो. माझा घेतला. त्यानं कालच विचारलं, ‘या वर्षी कितव्या दिवशी?’