वकिलीच्या कॉलेजसाठी शेत विकू नका



परवा बैठक उठल्यावर एक कास्तकार मागे रेंगाळला. म्हणाला, "भाऊ, पोरगी बारावी झाली. वकील व्हायचं म्हणते. पुण्याच्या खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आलं आहे. दोन एकर काढावे लागतील. काढू का?"

मी म्हटले, पोरीला वकील जरूर करा, पण शेत काढू नका.

मी स्वतः कृषी पदवीधर. एकरी उतारा कसा वाढवायचा ते चार वर्षे शिकलो. सरकीचे बियाणे उगवले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे एकाही तासाला कोणी शिकवले नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले, की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचात भरपाई मागू शकतो. निकाल आपल्या बाजूचा आहे. पण तो हातात घेऊन उभा राहणारा वकील आपल्या तालुक्यात किती? धुऱ्याचा वाद, अडवलेली पांदण, भूसंपादनाचा मोबदला, या प्रत्येक ठिकाणी कास्तकार कायद्यात हरण्याआधी कागदात हरतो. म्हणून आपल्या घरात वकील हवा.

मग कॉलेज कोणते? इमारत बघू नका. चार गोष्टी विचारा.

पहिली, भारतीय विधिज्ञ परिषदेची, म्हणजे बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का? मान्यता नसेल तर पदवी भिंतीवर लावा, सनद मिळणार नाही.

दुसरी, तास होतात का? नियमाने सत्तर टक्के हजेरी लागते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे वकिलाकडे, न्यायालयात किंवा तशाच ठिकाणी प्रत्यक्ष काम करावे लागते. "फी भरा, परीक्षेला या" म्हणणारे कॉलेज घराजवळ असले तरी महागच पडते. जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

तिसरी, भाषा. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का ते विचारा. तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठी चालते. पण उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. तेव्हा मराठीत शिकले तरी इंग्रजी वाचण्याची सवय पहिल्याच वर्षी लावा.

चौथी, पैसा. सरकारी सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतूनच जा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. पण व्यवस्थापन कोट्यातून किंवा खाजगी विद्यापीठात गेलात की ही सवलत गेली. त्या भावाचे दोन एकर वाचणार होते ते इथे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. तिथला प्रवेश 'क्लॅट' परीक्षेतून होतो, शिक्षण चांगले, फी मात्र भारी. पोर तिथे लागली तर शैक्षणिक कर्ज काढा. नाही लागली तर रडू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी रोज तास होणारे कॉलेज आणि दुपारनंतर न्यायालयात बसायला मिळणे, एवढ्यावर तालुक्याचा उत्तम वकील घडतो.

आणि बी.एस्सी. कृषी होऊन जाहिरातीची वाट पाहणाऱ्या पोरांनो, पदवीनंतरची वकिली तीन वर्षांची आहे. पंचनामा वाचता येणारा आणि बोंडअळीही ओळखणारा वकील आम्हाला हवा आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला बारावी झालेल्या मुलामुलींना सोबत आणा. गुणपत्रिका, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर असू द्या. आपण बसून एकेकाचे कॉलेज ठरवू. तोवर सातबाऱ्याला हात लावू नका.