सगळं अडतं पांढरी चारवर

घरात ऑपेरा लावला की कुणीतरी म्हणणारच, ‘‘ही बाई किंचाळते का?’’ मी पेटीवाला, मला आधी पट्टी दिसते. आपल्याकडे गायक काळी एक म्हणाला की तिथे सा धरायचा. घसा बसला असेल तर पांढरी एक. ऑपेरात सहसा ही मुभा नाही, संगीतकाराने लिहिला तोच स्वर. म्हणून तर तिथे गळ्यांची वर्गवारी : बायकांत सोप्रानो, मेझो, आल्टो; पुरुषांत टेनर, बॅरिटोन, बास.

मोत्सार्टचा १७९१चा ‘द मॅजिक फ्लूट’ घ्या. रात्रीची राणी चिडते आणि मधल्या पांढरी चारच्या दोन सप्तकं वर जाऊन तुटक, टोकदार स्वर फेकते. हे लिहिलं मोत्सार्टच्या मेहुणीच्या, योझेफा होफरच्या गळ्यासाठी. निस्तरतात पुढच्या सगळ्या गायिका! त्याच नाटकात सारास्त्रो हा बास खाली उतरतो तोही पांढरी चारवरच. दोघांत चार सप्तकं.

आणि समोर अख्खा वाद्यवृंद असताना माईक नाही. आपण मात्र पन्नास माणसांच्या बैठकीतही माईक लावतो, वर साउंडवाल्याला ‘‘जरा वाढव’’ म्हणतो. किंचाळणं कुणाचं, हे एकदा ठरवू या.