बिनचिठ्ठीची पुडी



सुटीवरून परतल्यावर बॅगेतून एखादी बिनचिठ्ठीची पुडी निघाली नाही, असे घर आपल्यात विरळाच. आईने भाजणी बांधून दिली की सुंठपूड, ते वरून कळत नाही. आपण ती पुडी फेकत नाही आणि तशीच चहातही टाकत नाही. उघडून वास घेतो, मग ठरवतो. संगणकाने याहून वेगळे का वागावे?

निमित्त असे झाले. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांना आगगाड्यांचा भारी नाद. त्या विषयाच्या एका न्यूजग्रुपवर कोणीतरी नेरळ-माथेरान गाडीचे जुने छायाचित्र टाकले. काकांचे बालपण नेरळचे. पण त्यांच्या न्यूजरीडरने चित्र दाखवलेच नाही. 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम, सेव्ह करायचे का?' एवढेच विचारले. अनोळखी फाइल घेऊ नका, असे मुलाने बजावलेले, म्हणून काकांनी 'नको' म्हटले. पुढे आमच्यापैकी एकाच्या घरी तेच चित्र पाहिले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ऑक्टेट म्हणजे आठ बिटांचा गट. 'ऑक्टेट-स्ट्रीम' याचा अर्थ 'नुसते बाइट, आत काय ते ठाऊक नाही'. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामला फाइलचा प्रकार ओळखता आला नाही की तो बहुधा हेच लेबल लावतो. १९९६ सालच्या आरएफसी २०४६ या नियमपत्रात अशी फाइल आली तर ती डिस्कवर ठेवायची का ते विचारावे, असा सल्ला आहे. सल्ला सावधपणाचा आहे, पण अपुरा. निर्णय वाचकावर टाकायचा आणि त्याला माहिती मात्र काहीच द्यायची नाही, हे बरोबर नव्हे.

माहिती तर फाइलीतच असते. जेपीईजी चित्राची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत 'पीएनजी' ही अक्षरेच असतात. झिप फाइल बहुधा 'पीके'ने सुरू होते. ती फिल काट्झ यांची आद्याक्षरे. एवढा वास घेणे प्रोग्रामला मुळीच कठीण नाही.

यावर जाणकार म्हणतील, असा अंदाज धोक्याचा असतो. खरे आहे. ब्राउझरांनी लेबल डावलून परस्पर अंदाज बांधले, त्यातून सुरक्षिततेला भगदाडे पडली. नुसत्या नावावर विसंबूनही चालत नाही. मे २००० मधील 'आय लव्ह यू' विषाणूच्या फाइलीचे नाव 'टीएक्सटी.व्हीबीएस' असे संपत होते. विंडोज शेवटचा तुकडा लपवत असे, त्यामुळे लोकांना ते साधे पत्र वाटले.

म्हणून आमचे मत असे. न्यूजरीडरने फाइलचे नाव शेपटासकट पूर्ण दाखवावे. नाव आणि सुरुवातीचे बाइट दोन्ही जेपीईजी, पीएनजी किंवा जीआयएफ सांगत असतील, तर 'हे चित्र दिसते, पाहायचे का?' असे विचारावे आणि होकार मिळाला तर नुसते दाखवावे. दोहोंत विसंगती असेल तर साध्या शब्दांत सावध करावे. जे चालू होऊ शकते, असा प्रोग्राम वा स्क्रिप्ट, ते एका क्लिकने कधीही उघडू नये. अंदाज दाखवण्यापुरता असावा, चालवण्यासाठी नव्हे.

न्यूजग्रुप आता थोड्यांचेच राहिले. गूगल ग्रुप्सनेही २२ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांवरील नवा मजकूर घेणे थांबवले. पण हेच लेबल ई-मेललाही लागते, तेव्हा प्रश्न घरोघरचा आहे.

आणि थोडे आपल्याही हाती आहे. फोटो पाठवताना नावाचे शेपूट खोडू नये आणि सोबत एक ओळ लिहावी: 'आत नेरळचा फोटो आहे.' पुडीवर चिठ्ठी लावायला कितीसा वेळ लागतो?



संपादक मंडळ