उपदेश थांबवा, आधी ऐका

आमच्या मोहल्ल्यात दर रविवारी मी बेरोजगार मुलांना नोकरीबाबत मार्गदर्शन करतो. सुरुवातीची दोन वर्षे मार्गदर्शन म्हणजे माझे भाषणच असायचे. 'घरात बसून काय होणार? कोर्स कर, अर्ज भर.' मुले 'हो चाचा' म्हणायची आणि पुढच्या रविवारी यायची नाहीत. मी त्यांना आळशी ठरवून मोकळा व्हायचो.

चूक माझी होती, हे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगबद्दल वाचले तेव्हा कळले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली ही पद्धत दारूच्या व्यसनात अडकलेल्यांसाठी मांडली. 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. आता काही देशांत रोजगार सल्लागारही ती वापरतात.

सूत्र साधे आहे. माणसाच्या मनात 'करावे' आणि 'नको' दोन्ही असतात. आपण 'कर' म्हणून जोर लावला की तो 'नको'ची बाजू मांडू लागतो आणि स्वतःचेच बोलणे त्याला पटत जाते. म्हणून बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यायला हवीत.

मागे एक पदवीधर मुलगा आला. तीन वर्षे घरीच. मी विचारले, "बेटा, कामाला लागायची तयारी शून्य ते दहामध्ये किती?"

"तीन."

पूर्वी मी 'फक्त तीन?' म्हणालो असतो. या वेळी विचारले, "शून्य का नाही?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अम्मीच्या औषधाचे पैसे बहीण देते, शिलाई करून. बघवत नाही."

"म्हणजे घरचा भार उचलावासा वाटतो."

पुढचा अर्धा तास तोच बोलला. मुलाखतीत नाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, याची त्याला धास्ती होती. ती मी खोटी ठरवली नाही. निघताना तोच म्हणाला, "एका गोदामात हिशेबाला माणूस हवाय, उद्या विचारून येतो."

ती जागा भरलेली निघाली. पण पुढच्या रविवारी तो आला, दुसरे दोन पत्ते घेऊन.

ही जादू नव्हे. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा किती कमी आहे, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते. ते प्रश्न गोड बोलून सुटणार नाहीत. त्यासाठी सरकारला जाब विचारावा लागेल. पण दार बंद आहे म्हणून बाहेर उभ्या मुलालाच आळशी म्हणणे, हा दुसरा अन्याय आपण घराघरांत करतो. तो तरी आजच थांबवता येईल.