बिलं, पत्रं आणि सायक्लोस्टाइल

परवा फोनवर पुतण्याशी चक्क भांडले. विषय काय, तर अमेरिकेतल्या लॅटिनो चित्रकारांची जुनी कागदपत्रं! आता तुम्ही म्हणाल, बाई, या वयात तुम्हाला कशाला नसत्या उठाठेवी? घरच्यांचंही तेच म्हणणं. पण फोनवर मला माझा मुद्दा धड मांडता आला नाही (तो मध्येमध्ये बोलतो, लहानपणापासूनची सवय), म्हणून इथे लिहिते. वाचेल तो.

झालं असं. लॉस एंजलिसला लेकीकडे राहायला गेले होते. तिच्या घरापासून जवळच पुराचं पाणी वाहून नेणारा एक काँक्रीटचा कालवा आहे आणि त्याच्या भिंतीवर जवळजवळ अर्धा मैल लांबीचं चित्र आहे. 'ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजलिस'. त्यात कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, पण पाठ्यपुस्तकांनी गाळलेला. ज्युडी बाका या मेक्सिकन वंशाच्या चित्रकर्तीने १९७६ पासून उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत चारशेच्या आसपास मुलामुलींना हाताशी धरून ते रंगवलं. त्यातली बरीच पोलिसांच्या वहीत नाव लागलेली पोरं. आयुष्यभर वर्गात तक्ते रंगवून घेतलेल्या मला तिथून हलवेना.

आणि प्रश्न पडले तेही मास्तरणीचेच. हजेरी कोण घेत होतं? रंगाचे पैसे कुठून आले? आधी काढलेलं कोणतं रेखाटन नापसंत झालं, आणि कुणाला? भिंत यातलं काही सांगत नाही. ते सांगतात कच्ची चित्रं, पत्रं, टिपणं. या भिंतीची ती सगळी सामग्री २०२१ मध्ये तिथल्या लुकास म्युझियमने आपल्या संग्रहात घेतली. म्हणजे उत्तरं कुठल्यातरी खोक्यात सुखरूप आहेत. हे मी कौतुकाने पुतण्याला सांगितलं आणि तिथेच ठिणगी पडली.

"काकू, चित्र आहे ना जाग्यावर? मग बिलं आणि पत्रं कशाला सांभाळायची? स्कॅन करायची आणि रद्दीत घालायची. आणि खरं चांगलं असतं ते आपोआप टिकतंच."

आपोआप! या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. आपोआप टिकते ती धूळ.

लॉस एंजलिसमध्येच १९७२ साली घडलेली गोष्ट ऐक. हॅरी गॅम्बोआ हा तेव्हा विशीतला तरुण. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन, आणि हे नाव अभिमानाने लावणारा. शहराच्या मोठ्या कलासंग्रहालयात आपल्या माणसांची चित्रं का नाहीत, असं त्याने तिथल्या एका अधिकाऱ्याला विचारलं. उत्तर काय मिळालं, तर चिकानो कला करत नाहीत, टोळ्यांमध्ये जातात. (ही गॅम्बोआने स्वतः सांगितलेली हकिकत.) त्या रात्री तो, ग्रॉन्क आणि विली हेरोन तिथे गेले आणि संग्रहालयाच्या प्रवेशाजवळच्या भिंतीवर स्प्रेने आपली नावं लिहून आले. सही केली, आता अख्खं म्युझियमच आमची कलाकृती! दुसऱ्या दिवशी त्यांची जोडीदारीण पॅट्सी वाल्देझ हिला त्या नावांपाशी उभं करून गॅम्बोआने फोटो काढला. नावांवर लवकरच रंग फासला गेला.

मग उरलं काय? तो फोटो. चौघांच्या या गटाचं नाव होतं 'आस्को', स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ किळस. त्यांनी रस्त्यावर केलेलं बरंचसं काम असंच, केलं आणि संपलं. फोटो, पत्रकं, पत्रं एवढंच मागे राहिलं. गॅम्बोआची कागदपत्रं आज स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत. आणि २०११ मध्ये त्याच म्युझियमने, हो, त्याच, आस्कोचं मोठं प्रदर्शन भरवलं. ३९ वर्षांनी! हा माणूस कागद न टाकणारा निघाला म्हणून. तो जर दर दिवाळीला माळा आवरणारा असता तर?

ज्याचं काम संग्रहालयांनी पहिल्यापासून विकत घेतलं, त्याची पावती संग्रहालयाकडे असते, सूची छापलेली असते, वर्तमानपत्रात परीक्षण येतं. त्याने स्वतः काही नाही ठेवलं तरी चालून जातं. पण ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांचं काय? न्यूयॉर्कचं 'एल म्युझिओ देल बारिओ' १९६९ मध्ये सुरू झालं ते शाळेच्या एका वर्गात, राफाएल मोंटान्येझ ऑर्टिझ या कलाशिक्षकाच्या हातून. प्वेर्तो रिकोच्या मुलांना स्वतःची संस्कृती दिसावी म्हणून. पूर्व लॉस एंजलिसची 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' १९७० मध्ये एका गॅरेजमध्ये सुरू झाली. सिस्टर कॅरन बोकालेरो नावाची जोगीण आणि काही चित्रकार मिळून छापे काढायचे. गॅरेजात निघालेल्या संस्थेला कसलं दफ्तर आणि कसला कारकून? खर्चाचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर, सभेचं बोलावणं सायक्लोस्टाइलवर. हीच त्यांची इतिहासाची साधनं. बखर लिहायला पदरी कुणी नव्हतं.

आणि ही माझी कल्पना नव्हे. स्मिथसोनियन या त्यांच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतः नेमलेल्या समितीने १९९४ मध्ये अहवाल दिला. नावच 'विलफुल निग्लेक्ट', म्हणजे जाणूनबुजून केलेली हेळसांड. लॅटिनो माणसांच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा कायदा व्हायला त्यानंतर २०२० चा डिसेंबर उजाडला.

तोमास इबारा-फ्राउस्तो हे माझ्या मते या सगळ्यातले खरे शहाणे. विद्वान माणूस, आणि जमवलं काय, तर आमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रकं, कात्रणं, हँडबिलं. जी आपण उत्सव संपला की पुड्या बांधायला वापरतो. त्यांचा तो संग्रह आज स्मिथसोनियनच्याच अमेरिकन कलेच्या दफ्तरखान्यात आहे. त्यांनी चिकानो कलेतल्या एका वृत्तीवर लिहिलं, 'रास्क्वाचिस्मो'. हाताशी जे तुटकंफुटकं असेल त्यातून झकास काहीतरी उभं करायचं. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला म्हणायचे ना, टाकाऊतून टिकाऊ? तेच, फक्त जास्त ठसक्यात.

आता स्कॅनिंग. मी स्कॅनिंगच्या विरुद्ध नाही बरं का! ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाने लॅटिन अमेरिकन आणि लॅटिनो कलेची मूळ कागदपत्रं २०१२ पासून जालावर सगळ्यांना फुकट खुली केली आहेत. मी इथे बसून ती चाळते, स्पॅनिश येत नसताना. पण स्कॅन केलं म्हणून मूळ टाकायचं? तू स्वतः, बाळा, २००३ सालचे फोटो ज्या सीडीवर ठेवलेस ती आज कुठल्या यंत्रात घालणार आहेस? कागद निदान डोळ्यांनी वाचता येतो. आणि कुठला कागद कुठल्या कागदाला टाचलेला होता, समासात पेन्सिलने कुणी काय लिहिलं, मागच्या बाजूला कुणाचा फोन नंबर, हे घाईने स्कॅन करणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तर कागद ज्या क्रमाने आले तो क्रम मोडायचा नाही असा दफ्तरखान्यांचा नियम असतो.

बरं, कागदाला तरी किती आयुष्य? फॅक्सचा कागद फिका पडतो, टाचणी गंजते, वर्तमानपत्र पिवळं पडून तुकडे होतात. त्या चळवळीत विशीत असलेली माणसं आज माझ्या वयाची, काही थोरली. फोटोतला तिसरा माणूस कोण, हे सांगणारं माणूस जिवंत आहे तोवरच विचारायचं असतं. त्यासाठी कुणीतरी रोज खोकं उघडून बसायला हवं, कशात काय आहे त्याची यादी करायला हवी आणि त्या माणसाला पगार द्यायला हवा. प्रदर्शनाला देणगी देणारे पुष्कळ, फीत कापायला मिळते. यादी करणाऱ्याच्या पगाराला देणगी द्या म्हटलं की सगळे घड्याळाकडे बघतात. हे तिकडेही तसंच आणि इकडेही.

एक गोष्ट मात्र मला टोचते. सेल्फ हेल्पची कागदपत्रं सँटा बार्बराच्या विद्यापीठात गेली, दीडशेहून अधिक किलोमीटर लांब. विद्यापीठाने सांभाळली हे उपकारच. संस्थेची इमारत २००८ मध्ये विकली गेली, २०११ मध्ये त्यांना दुसरीकडे हलावं लागलं, अशा हलवाहलवीत काय काय जातं ते भाड्याच्या घरात राहिलेल्यांना ठाऊक आहे. पण ज्या गल्लीतल्या पोरांनी ते छापे काढले त्यांच्या नातवंडांनी आपल्या आजीचं नाव बघायला एवढं लांब जायचं? मूळ कागद वस्तीत नीट ठेवायची सोय करून द्यावी आणि विद्यापीठाने प्रती न्याव्यात, असं मला वाटतं. महाग पडेल. पडू दे.

एवढं पोटतिडकीने का, तर सांगते. आमच्या शाळेत १९७० नंतरची मुलांची हस्तलिखितं होती, दर वर्षाचं एक. कविता, निबंध आणि पानोपानी चित्रं. मुखपृष्ठ कोण करणार यावर वर्गात भांडणं व्हायची. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी कपाटं रिकामी करायची ठरली आणि निर्लेखनाची यादी समोर आली. 'जुने कागद, एक कपाट' एवढंच त्यात लिहिलेलं. मी सही केली. कपाट उघडूनसुद्धा बघितलं नाही.

तू सातवीत होतास तेव्हाच्या अंकात तुझं चित्र होतं, पाटावर बसलेल्या आजीचं. आजी म्हणाली होती, माझं नाक एवढं मोठं आहे का रे? आता सांग, कुठे आहे ते?

रविवारी फोन कर. आणि या वेळी मला बोलू दे.