मर्यादा सेटिंगमध्ये लपवू नका

आपल्या कायद्याला शेजाऱ्याच्या कानाची चांगली काळजी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गोंगाटामुळे कामगाराला येणारे बहिरेपण कायद्याच्या अनुसूचीत नोंदवण्याजोगा रोग आहे. परंतु थेट कानात बसणाऱ्या बिनतारी इयरबडचा विषय निघाला की 'ज्याची त्याची जबाबदारी' असे म्हणून आपण मोकळे होतो.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. जबाबदारी टाकायची, तर आधी माहिती द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. दर ३ डेसिबल वाढीला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९५ डेसिबलला उरतो सव्वा तास, तोही संपूर्ण आठवड्यासाठी! दिल्ली मेट्रोच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणारा तरुण हा कोटा एका दिवसात संपवू शकतो. पडद्यावर मात्र त्याला डेसिबल नव्हे, नुसती एक पट्टी दिसते.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. उपकरणाचा कमाल आवाज विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नाही. नुकसान सावकाश होते आणि अंतर्कर्णातील केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्राचा खर्च पुढे कुटुंबावर किंवा सरकारी रुग्णालयावर पडतो, उत्पादकावर नव्हे.

उपाय अवघड नाही. युरोपात २०१३ पासून संगीतयंत्रांना ८५ डेसिबलची मूळ मर्यादा लावलेली असते; ती ओलांडताना इशारा मिळतो. आपल्याकडे बिनतारी इयरफोनना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहेच. त्याच नोंदणीत तीन अटी घालाव्यात: मर्यादा खोक्यातून निघतानाच चालू असावी, आठवड्याचा हिशेब डेसिबल व तासांत दिसावा, आणि मुलांसाठी वरील मानकातील ७५ डेसिबलची पातळी पालकांना कुलूपबंद करता यावी.

यावर 'सरकार आता कानातही शिरणार का?' असा प्रश्न येईल. वाचकहो, प्रौढाला ही मर्यादा काढण्याची मुभा राहीलच. प्रश्न एवढाच, की सुरुवातीची पातळी कोणी ठरवावी? आज ती उत्पादक ठरवतो, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. शासनाने ठरवली, तर निदान माहितीच्या अधिकारात अर्ज तरी करता येईल.