प्राणवायूचे वीजबिल

मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होते. त्याच मुळशीत चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णाच्या घरी मात्र वीजबिलच उपचाराच्या आड येऊ शकते.

पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज घेते. रोज १५ तास चालवल्यास महिन्याला सुमारे १५८ युनिट वाढतात. महावितरणच्या दरात १०० युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे. बिल अचानक फुगते आणि मग यंत्र फक्त धाप लागल्यावर सुरू होते.

घात इथेच होतो. रक्तातील प्राणवायू कायम कमी असलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढण्यासाठी रोज किमान १५ तास प्राणवायू लागतो, हे १९८०-८१च्या ब्रिटिश व अमेरिकी अभ्यासांतून दिसले. धाप नसतानाही हृदयावरचा ताण चालूच असतो.

ब्रिटनमध्ये या विजेचा खर्च सरकारी आरोग्यसेवेतून परत मिळतो. इथेही यंत्र लिहून देताना विजेचा हिशेब उपचाराचाच भाग मानायला हवा. तोवर बिल भरणे जड जात असेल तर महावितरणकडे हप्ते मागावेत आणि डॉक्टरांना तसे सांगावे. तास मात्र परस्पर कमी करू नयेत.